दुखण्याचं घरचं नाव

अंगठ्यात सागाची बारीक काडी घुसली म्हणून मी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर वैरागडे चिमटा हातात धरून म्हणाले, "पहिले हे सांगा, याले तुमच्या घरी काय म्हणतेत?"

"काडी," मी म्हणालो. अंगठा ठणकत होता, आणखी काय सांगणार?

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी कारकून होतो आणि डॉक्टर माझे शेजारी. मूळचे गोंडपिपरीकडचे. नागपूरला शिकले, पण बोली सोडली नाही. नाडी नंतर, जीभ नंतर, आधी हा प्रश्न. रेंजरसाहेबांच्या पोटदुखीलाही त्यातून सुटका नव्हती. "घरी म्हणतात, कमी खा," ते चिडून म्हणाले. "घरचं निदान बराबर हाय," म्हणत डॉक्टरांनी त्यांना तसंच परत पाठवलं.

थंडीतापाने कापणारा एक लाकूडतोड्या म्हणाला, अंगात देव आला. डॉक्टरांनी देवाला हात जोडले आणि मग हिवतापावरचं कोयनेल पाजलं. "देवालेही कडू लागन, पण घेऊ दे थोडं."

मनाच्या आजारांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. ते वाचताना सारखे कुरकुरायचे. "यातले पेशंट सारे एकटेच हो! कोणाले सासू नाई, देव नाई, मेलेलं माणूस घरी येत नाई. मंग इथच्या माणसाले यातून समजाचं कसं?" मला गंमत वाटायची. बायको माहेरी असते म्हणून पुस्तकाशी भांडतात, दुसरं काय!

एकदा जंगलातल्या गावाहून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मी तिथेच बसलो होतो. सून शेजारच्या रिकाम्या बाकाशी हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरांनी आपला प्रश्न टाकला.

"पोरगी आली, म्हणतो आमी," म्हातारी म्हणाली. "मागच्या पावसात गेली ना तिची पोरगी. येते मधीमधी. पोरीले जेवाले वाढतो, मंग मायबी जेवते."

"मंग दवाखान्यात काऊन आणलं?"

"खोकला हाय ना तिले!"

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं आणि माझ्यादेखत म्हातारीपुढे जमिनीवर बसले.

"बाई, माही बायकोबी अशीच बोलते. आमचा पोरगा गेला तवापासून. आमच्या घरी याले वेड म्हणतेत. मीच नेऊन सोडलं तिले नागपूरच्या वेड्याच्या दवाखान्यात. लोकाईले सांगतो, माहेरी गेली."

शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

म्हातारीला वेड्यांचा दवाखाना म्हणजे काय ते कळलंच नाही. तिला दुसरीच काळजी लागली. "मंग तिथी पोराले कोण वाढते?"

डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला.

दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी धरायला चांद्याकडे निघालेल्या लाकडाच्या ट्रकमध्ये ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. ट्रक सुरू झाला तसे खिडकीतून वाकून मला म्हणाले, "लय आठवण येते हो तिची. येईल का माह्यासंग? का रागावून असन?"