हुकमावरून

आमच्या लिफ्टमध्ये माणसं चार मावतात आणि सूचना अकरा. सगळ्या टिपणीसकाकांच्या. 'कळविण्यात येते की, लिफ्टमध्ये शिरताना पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी.' 'कळविण्यात येते की, सहाव्या मजल्यावरील मांजर लिफ्टने जात असल्यास तिला अडवू नये.' कुठेही सही नाही, शिक्का नाही. खाली फक्त एक शब्द: हुकमावरून.

टिपणीस हे आडनाव मी ठेवलंय. खरं सांगणार नाही, का ते शेवटी कळेल. ठाकुर्लीतली आमची सोसायटी. काका चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाचाही प्रिंटर अडला की माझी बेल वाजते. काका मात्र कधी बोलवायचे नाहीत. सरकारी कचेरीत जन्मभर मराठी टायपिंग केलेला माणूस. कीबोर्डसुद्धा असा बडवतात की खाली माझ्या हॉलमध्ये कळतं, नवी सूचना येतेय.

आता हा हुकूम कोणाचा, ते कोणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरी शपथेवर सांगायचे, मी दिलेला नाही. मी एकदा तोंडावर विचारलेलं. "वरिष्ठांचा आहे," म्हणाले आणि चिकटपट्टी घेऊन गच्चीकडे चालू पडले.

काकांच्या घरातही तेच. फ्रिजवर 'दूध तापवून झाले आहे.' मोरीच्या दारावर 'उद्या पाणी येणार नाही, पिंप भरून ठेवले आहे.' अहो, घरात माणसं दोन, तोंडाने सांगायला काय होतं? असं मी म्हटलं की काकू नुसत्या हसायच्या. त्यांचंही एक होतंच. जिन्यात हाक मारा, ओ द्यायच्या नाहीत. शिष्ट आहे बाई, असं बिल्डिंगमधल्या सगळ्याजणी म्हणायच्या, आणि त्या सगळ्यांत मीही आले. अशात एकदा शाळेला निघताना माझी ओढणी अकराव्या सूचनेच्या चिकटपट्टीला चिकटून टराटरा फाटली. माझं डोकंच फिरलं. लिफ्टमधले कागद काढायचा ठराव येत्या मीटिंगला मीच मांडणार, असं मी जाहीर करून टाकलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, काका माझ्या दारात उभे. घामाघूम झालेले.

"अगं मीनल, 'घर' गेलं."

मला वाटलं आग लागली. तशीच वर धावले. तर 'घर' म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरच्या डॉक्युमेंट्समधला, घरातल्या सूचनांचा एक फोल्डर. काकू कल्याणला बहिणीकडे गेलेल्या, साडेसहाला परत येणार होत्या. त्याच्या आत 'घर' मिळायला हवं, असं काकांचं एकच पालुपद. मी जरा वैतागूनच म्हटलं, सूचनाच ना त्या, पुन्हा टाइप करा, तुम्हाला काय अवघड आहे. काका खुर्चीत बसले.

"ते पुन्हा टाइप होणार नाही," ते हळूच म्हणाले.

मग मी सरळ विचारत बसले, काय काय केलंत. प्रकरण असं होतं. फायली आपोआप इंटरनेटवर ठेवणारं एक सॉफ्टवेअर भाच्याने घालून दिलेलं. ते रोज बजावायचं, जागा संपत आली, पैसे भरा. काकांना राग आला. जावक क्रमांक नसताना आपल्याला नोटीस देणारा हा कोण टिकोजीराव? सकाळी काकू गेल्यावर त्यांनी ते काढून टाकलं. त्याच्या नावाचा एक फोल्डर मागे उरला. तो न उघडताच उचलला आणि डी ड्राइव्हमध्ये 'निर्लेखित सामान' असं नाव देऊन ढकलला. कचेरीत मोडकी कपाटं कागदोपत्री बाद करून गोदामात टाकतात ना, तसं. पण त्या सॉफ्टवेअरने काकांच्या डॉक्युमेंट्सचा मुक्काम केव्हाच स्वतःच्या फोल्डरात हलवलेला. काकांनी भंगार समजून सगळं बिऱ्हाडच गोदामात पाठवलं होतं.

पुढचा प्रश्न विचारताना मीही जरा घाबरलेच. "नष्ट तर नाही ना केलंत?"

"छे. निर्लेखित सामान नियमाने तीस दिवस ठेवायचं."

त्या नियमाला मी मनात दंडवत घातला. बाकी काम माझ्या हातचा मळ. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. तिथे अजून त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरचाच पत्ता होता. रिस्टोर डिफॉल्ट दाबलं, अप्लाय केलं. असा फोल्डर नाही, नवा करू का, असं मशीनने विचारलं, कर म्हटलं. मग गोदामातलं डॉक्युमेंट्स उघडून आतलं सगळं कॉपी करून मूळ जागी आणलं. डेस्कटॉप आणि पिक्चर्सचंही तसंच केलं. काका माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

'घर' आलं. आत तारीखवार फायली, दोन वर्षांच्या, एकाही दिवसाचा खाडा नाही. नीट उघडतायत का बघावं म्हणून मी शेवटची उघडली. काका "नको" म्हणेपर्यंत पडद्यावर अक्षरं आलीसुद्धा. चांगली बोटभर उंचीची.

'कळविण्यात येते की, आज सकाळी भाजी निवडताना तू गुणगुणत होतीस. सूर बरोबर होता. हुकमावरून.'

मी माउसवरचा हात काढून घेतला. काकाच बोलले.

"ऐकू येत नाही गं तिला. स्वतःचं गाणंसुद्धा. कानाला मशीन लावून बघितलं, उपयोग नाही. कोणाला कळू द्यायचं नाही, हा तिचा हुकूम. मग आमच्या फ्रिजवरचा कागद कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी सगळ्या बिल्डिंगभर लावत सुटलो. वेडा म्हणतात मला. म्हणू देत." मग चष्मा पुसत म्हणाले, "संध्याकाळी बसून वाचते ती. जुनंसुद्धा काढून वाचते. आमचं सगळं बोलणं यात आहे."

शिष्ट, असं मी त्या बाईला म्हटलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की काकांनी पुढे केलेला चहाही नीट पिता येईना. सहाच्या आत मी घरी आले.

रविवारी मीटिंग झाली. ठरावाची वेळ आली तेव्हा सेक्रेटरींनी माझं नाव पुकारलं. मागच्या रांगेत काका खाली मान घालून बसले होते. शेजारी काकू, हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. मी उभी राहून म्हटलं, ठराव मागे घेते, लिफ्टमधले कागद आहेत तिथेच राहू देत. सगळे चक्रावले. आठवडाभर तूच तर बोंबलत होतीस, आता काय झालं, असं सेक्रेटरींनी विचारलं.

मी म्हटलं, "हुकमावरून."