मिरपुडीचा कौल

चिकट पाहुण्याला घालवायला भांडण लागत नाही, रसायनशास्त्र लागतं! शाळेत मी तेच शिकवतो, म्हणून छाती ठोकून सांगतो.

हिच्या आत्या चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि आमची झोपायची खोली बळकावून बसल्या. मी हॉलमधल्या आखूड सोफ्यावर! पाठीचे पार तीनतेरा वाजले.

एका संध्याकाळी वीज गेली. बाहेर वारा घोंघावत होता. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही गप्प बसलो होतो आणि भिंतीवरच्या आमच्या सावल्या मात्र हलत होत्या. म्हटलं, हीच वेळ!

टेबलावर पाण्याची ताटली ठेवून वर मिरपूड भुरभुरली. बोटाला साबण गुपचूप चोपडला होता. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून वर ताणलेला पापुद्रा असल्यासारखं होतं. साबण लागला की तिथली पकड सुटते आणि मिरपूड कडेला पळते. माझ्या वर्गातल्या ढ पोरालाही हे ठाऊक आहे. आत्याबाईंना नव्हतं.

"आतोबा," मी घोगऱ्या आवाजात त्यांच्या दिवंगत यजमानांना हाक मारली, "आत्याबाईंनी इथून जावं असं वाटत असेल, तर खूण करा!"

बोट टेकवलं. सर्रकन सगळी मिरपूड कडेला!

ही किंचाळली. आत्याबाई शांतपणे ताटलीवर वाकल्या.

"हे तर तुम्हाला बघून पळाले, जावईबापू! पाणी बदला. मी विचारते."

मी मुकाट्याने ताजं पाणी आणलं, नवी मिरपूड टाकली.

"अहो," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मलाच मागे वळून बघावंसं वाटलं. "त्या दिवशी भांडून बाहेर पडलात, ते परत आलाच नाहीत. रागावून गेलात का हो?"

त्यांचं बोट पाण्यात गेलं, वर आलं. बिनसाबणाच्या बोटाला पाणी चिकटतं आणि पाण्यासोबत मिरपूडही, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही ते काळे कण बोटाला गच्च बिलगलेले पाहिले आणि माझी बोबडीच वळली! आत्याबाईंनी ते बोट तसंच गालाला लावलं.

"जन्मभर एका प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही या माणसाने!" त्या रडता रडता हसल्या. "आज दिलं! आता मी इथून हलत नाही!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा बघून माझा धीरच झाला नाही.

तेव्हापासून खोली कायमची त्यांची. आणि सोफा? त्यावर हल्ली आतोबा झोपतात म्हणे. मी स्वयंपाकघरात असतो!