डॉ. लीया अष्टमकर यांचा भव्य नागरी सत्कार

कर्तृत्ववान व्यक्तीचा सत्कार करणे हे समाजाचे आद्य कर्तव्य आहे. तिचे म्हणणे ऐकणे त्यात मोडत नाही.

मूळच्या रोह्याच्या डॉ. लीया अष्टमकर यांनी मुंबईत एकतीस वर्षे रक्ताच्या कॅन्सरवर उपचार आणि संशोधन केले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी महिन्यातून एकदा गावात फुकट रुग्ण तपासायला एक खोली मागितली होती. तेव्हा गावात खोली नव्हती. (खोल्या होत्या, डॉक्टर प्रसिद्ध नव्हत्या.) यंदा त्यांना परदेशी पुरस्कार मिळाला आणि सत्कारासाठी वातानुकूलित सभागृह लगेच निघाले.

"शाल नको," त्या समितीचे अध्यक्ष प्रविणशेठ यांना फोनवर म्हणाल्या. "मूळपेशी दात्यांची नोंदणी ठेवा. पेणच्या मिठागरावर काम करणाऱ्या सगुणाची मुलगी माझ्याकडे आहे, मनस्वी. अकरा वर्षांची. तिला दुसऱ्याच्या मूळपेशी द्याव्या लागतील, आणि घरात कुणाच्या पूर्ण जुळत नाहीत."

"ठेवू की मॅडम. पन शाल ऱ्हाऊ द्या, ऑर्डर गेलीय."

शाली चौदा, भाषणे नऊ. डॉक्टर चार मिनिटे बोलल्या. आज फक्त गालाच्या आतून कापूस फिरवायचा. पुढे कुणाशी जुळलेच, तर काही तास हाताला सुई लावून पडून राहायचे. टाळ्या सव्वा मिनिट वाजल्या. मग सहाशे बारा लोक बिर्याणीकडे गेले आणि तीन नोंदणीच्या टेबलाकडे. एकाला वाटले, शुगर तपासतात. एकाने बाथरूम विचारले. तिसरा मिथुन. फोटोग्राफर समोर होता, म्हणून त्याने नमुना दिला.

सात महिन्यांनी मिथुन मनस्वीशी तंतोतंत जुळला. असे हजारोंत एखाद्याचे होते. नोंदणी केंद्रातून त्याला फोन आला.

"हाडातलं पानी काढतात," त्याची आई गिरजाबाई म्हणाली. "मग कंपनीत शिफ्टला उभा कसा ऱ्हाशील? लगीन जमतंय तुझं."

"हाडातलं नाय गो, हातातून घेतात," मिथुनने तिला नीट समजावले. आणि फोन बंद करून ठेवला.

"जुळणारा एक मिळाला होता," डॉक्टरांनी सगुणाला सांगितले. "तो आता फोनच घेत नाही."

"कोन हाय? मी पाया पडते त्याच्या."

"मलाही नाव कळत नाही गो. नियम आहे." हे बोलताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

शेवटी सगुणाच्याच अर्ध्या जुळणाऱ्या पेशी दिल्या. मनस्वी एक्केचाळिसाव्या दिवशी गेली. सगुणा डॉक्टरांचा हात धरून बराच वेळ बसली.

समितीने शोकसभा घेतली. दोन मिनिटांचे मौन पन्नास सेकंदांत आटोपले, कारण सभागृह पुढे हळदीकुंकवाला दिले होते. मिथुन हजर होता. त्याला खरोखर वाईट वाटले.

एव्हाना आपण मिथुनला मनातल्या मनात शिवी घातली असेल. घालावीच. त्याचे नाव निदान नोंदवलेले तरी होते.

आपले?