दोन 'टेम्प' आणि तीनशे अंडी

मावशीच्या अंडी उबवणी केंद्रात उबेची दोन कपाटं होती; त्यांचं तापमान संगणकावरचा एक प्रोग्रॅम सांभाळायचा. मोठं धुवायचं होतं, म्हणून ते थंड करायचं, छोटं गरम करायचं आणि तीनशे अंडी छोट्यात हलवायची, असा बेत होता. "दोघांच्या तापमानांची अदलाबदल एका ओळीत करते, बघच," भाची म्हणाली. ती प्रोग्रॅमर, त्यातून लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची वेडी. अशा कामासाठी एक मॅक्रो, म्हणजे कोड लिहून देणारा कोड, तिने घरूनच करून आणला होता. स्क्रीनवर 'अदलाबदल झाली' उमटलं. मावशीला अंडी हलवायला सांगून ती ऐटीत चहा घेत बसली.

अर्ध्या तासाने मावशी छोट्या कपाटातलं एक अंडं गालाला लावून आली. गार आहे म्हणाली. भाचीने आधी मावशीच्या गालावर शंका घेतली, मग थर्मामीटरवर, मग हीटरवर. इलेक्ट्रिशियन आला. त्याने हीटर खोलला आणि दोन स्क्रू शिल्लक ठेवून पुन्हा जोडला. दोष काही सापडेना. आपल्या एका ओळीपायी तीनशे पिल्लं गेली, या विचाराने भाची खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

एवढ्यात आतून इलेक्ट्रिशियनने हाक मारली, "ताई, मेन स्विच बंद करा." त्याला म्हणायचं होतं बाहेर उभ्या भाचीला. पण आत ट्रे धुणाऱ्या बाईंनाही सगळे ताईच म्हणायचे. त्यांनी हात पुसले आणि शेजारचं बटण दाबून खोलीत अंधार केला.

भाची जागीच थबकली. तिच्या मॅक्रोने एक आकडा क्षणभर ठेवायला 'टेम्प', म्हणजे टेम्पररी, नावाची डबी केली होती, आणि मावशीच्या प्रोग्रॅममध्ये मोठ्या कपाटाच्या तापमानाचं नावही 'टेम्प'च होतं. हाक एकाला, ओ दुसऱ्याची! आतली डबीच उलटसुलट होत राहिली, खरं तापमान जागचं हललंच नाही. घरी तिने 'अ' आणि 'ब' अशी नावं घेऊन तपासलं होतं, तेव्हा सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

मग तिने डबीला स्वतः नाव द्यायचा हट्ट सोडला. कुणाचंच नसेल असं नाव लिस्पकडूनच तयार करून घेतलं. छोटं कपाट तापू लागलं. तिने इलेक्ट्रिशियनचे आभार मानले, ताईंचे दोनदा मानले. कशाबद्दल, ते ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

मावशीसमोर मात्र तिला रडू फुटलं. "माझ्यामुळे तुझी पिल्लं..."

"अगं, मी आधी एकच अंडं ठेवून पाहिलं. बाकीची मोठ्यातच आहेत, उबेत."

भाचीने मावशीला घट्ट मिठी मारली. इतकं हायसं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"पुरे," मावशी म्हणाली. "आता मोठं खरंच गार होतंय ना? मग ट्रे उचल आधी."