कमांडरचा विसराळू राउटर

"नेटसाठी बायकोने दुसऱ्याच्या घरी जाऊन इंटरव्ह्यू द्यायचा? मी जिवंत असताना?"

जेवणाच्या टेबलावर कमांडरने हे असं काही गरजून म्हटलं की आईच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. कमांडर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचा आणि जगातलं कुठलंही यंत्र काळ्या पडद्यावर कमांड टाइप करूनच चालवायचं असतं, असं त्याचं ठाम मत होतं. "माउस म्हणजे पांगुळगाडा! चालता येत नाही त्यांनी धरावा!" हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की ऑफिसात पडलेलं हे नाव पाठोपाठ घरीही आलं. हे नाव कौतुकाने पडलंय, असं फक्त त्यालाच वाटायचं.

"अहो, पण आपलं नेट मधूनच जातं," बायको म्हणाली. "उद्या अकराला इंटरव्ह्यू आहे. माझ्या ताईकडे गेले तर बिघडलं कुठे?"

"जातं ते त्या डबीमुळे! ती डबी म्हणजे काय राउटर आहे? साबणाची पेटी आहे ती! उद्या बघ तू. नेट गेलं तर नाव बदलीन!"

बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी काही गेली नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने भरल्या मनाने नोकरी सोडली होती. त्यानंतर कित्येक अर्ज केले आणि आता कुठे हा एक धड इंटरव्ह्यू आला होता. मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागाची प्रमुख! काम अर्धं घरून, अर्धं ऑफिसातून. ही नोकरी तिला मनापासून हवी होती आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. म्हणून तर कमांडरला चेव आला होता.

ऑफिसच्या अडगळीत एक भलामोठा राउटर पडून होता. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, म्हणून तो टाकून दिलेला. साहेब म्हणाले होते, "घेऊन जा बाबा, तेवढीच जागा मोकळी होईल." कमांडरने तो त्याच रविवारी दुपारी, जेवण उरकताच, दोन्ही हातांनी कवटाळून घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला. बटण दाबताच त्याच्या आतला पंखा असा घोंगावला की बाबांनी पेपर खाली केला.

"हे काय, पिठाची गिरणी आणलीस?"

"बाबा, ही ताकद आहे ताकद!"

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण इथेच आहे. राउटर जागा होताना डोळे उघडतो आणि आपण साठवून ठेवलेल्या सेटिंग वाचतो. जुना पासवर्डही त्यातच असतो. तो विसरला असेल तर राउटरला सांगायचं, "बूट होताना, म्हणजे जागा होताना, काही वाचू नकोस, नुसता ऊठ." मग तो कोऱ्या डोक्याने उठतो. आपण आत शिरायचं, नवा पासवर्ड लावायचा, सगळ्या सेटिंग करून साठवायच्या आणि सरतेशेवटी त्याला सांगायचं, "बरं का, उद्यापासून उठलास की पुन्हा वाचत जा." ही शेवटची ओळ घातली नाही, तर झोपून उठला की गडी सगळं विसरलेला!

कमांडरला हे झोपेतही पाठ होतं. लॅपटॉप मांडीवर, केबल राउटरला, बोटं कशी सतारीवर फिरावीत तशी फिरत होती. आत शिरला. पासवर्ड लावला. सेटिंग केल्या. साठवल्या. आता शेवटची ओळ. बोट उचललं आणि तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, निळं की करडं?"

दारात बायको दोन जाकिटं घेऊन उभी होती.

"दोन्ही छान."

"न बघताच?"

कमांडरने मान वळवली. "निळं."

"म्हणजे करड्यात मी बरी दिसत नाही?"

"मग करडं घाल."

"आता मी बोलले म्हणून करडं होय!"

हे प्रकरण आईच्या मध्यस्थीपर्यंत गेलं. आईने करड्याच्या बाजूने कौल दिला, म्हणून बायकोने निळं ठरवलं. कमांडर घाम पुसत परत आला, पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "झालं की सगळं!" लॅपटॉप मिटला. ती शेवटची ओळ राहिली ती राहिलीच.

नेट मात्र काय धावलं! आईने गावभर फोन लावले. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर होते, तिथेच त्यांचा दवाखाना. आईने त्यांनाही जिन्यात गाठून ऐकवलं. संध्याकाळी कमांडर दिसताच डॉक्टर हसून म्हणाले, "काय हो, तुमचं नेट फार जोरात आहे म्हणे!" कमांडरने नुसती कॉलर ताठ केली.

सकाळी उठून पाहतो तर नेट गायब!

कमांडरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने लॅपटॉप जोडला. तर राउटर एखाद्या अनोळखी माणसासारखा विचारतोय, "नमस्कार, सुरुवातीची सेटिंग करायची आहे का? हो की नाही?" इंग्रजीत विचारत होता, पण अर्थ हाच. काल ज्याच्यासाठी पाठ मोडून घेतली, तो आज ओळखही दाखवेना!

"सेटिंग कुणीतरी पुसल्या!" कमांडर ओरडला. "कुणीतरी आत घुसलंय!"

"चोर?" आई घाबरून दाराकडे धावली.

"दारातून नाही गं आई, नेटमधून! आणि कोण घुसलंय ते मला पक्कं ठाऊक आहे. काल नेटची चौकशी कोण करत होतं?"

त्याने भराभरा सगळं पुन्हा टाइप केलं, आधीच्या तिप्पट लांबीचा पासवर्ड लावला, साठवलं आणि तरातरा जिना चढला. दवाखान्याच्या बाकावर गाल धरून पेशंट बसले होते. त्या सगळ्यांच्या देखत कमांडर गरजला, "डॉक्टर, लोकांच्या दातांत काय घुसायचं ते घुसा! माझ्या राउटरमध्ये नाही!"

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ते काही बोलायच्या आत कमांडर विजयी वीरासारखा खाली उतरलासुद्धा.

अकरा वाजले. बायको निळं जाकीट घालून आतल्या खोलीत बसली. पडद्यावर तिघंजण होते, मधल्या बाई चष्म्यातून बारकाईने बघत होत्या. सुरुवात झकास झाली. कमांडर दाराला कान लावून उभा होता आणि बायकोच्या प्रत्येक उत्तराला मान डोलवत होता. मधल्या बाईंनी विचारलं, "समजा, एकाच वेळी तीन चिडलेली माणसं तुमच्यावर ओरडतायत. काय कराल?"

बायकोने उत्तराला तोंड उघडलं आणि पडद्यावरचे तिघेही डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत गोठले.

कमांडर बैठकीच्या खोलीत धावला. राउटर थंडगार! गिरणी बंद!

"कुणी बंद केला?"

"मी," बाबा न्हाणीघराच्या दारातून म्हणाले. खांद्यावर टॉवेल होता. "आंघोळीला चाललो होतो ना. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद. या घराचा नियम आहे."

नियम खराच होता. बाबा खोलीतून निघाले की हात आपोआप बटणांवरून फिरायचा. दिवा, पंखा, टीव्ही, काहीही सुटायचं नाही. जुनी डबी तेवढी वाचायची, कारण तिचं बटण कपाटामागे होतं आणि बाबांचा हात तिथवर पोहोचत नव्हता.

"बाबा, काल झोपतानाही बंद केला होतात?"

"केला होता. सकाळी लावलाही मीच. का?"

कमांडरने कपाळावर हात मारला. चोर नाही, डॉक्टर नाही, कुणी नाही! बटण बंद झालं, पुन्हा चालू झालं आणि राउटर सगळं विसरला. पण विसरला का? साठवलं तर होतं! आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बूट! ती शेवटची ओळ! निळं की करडं!

"अरे गाढवा!" तो स्वतःलाच म्हणाला. "वर जाऊन त्या देवमाणसाला काय काय बोलून आलास!"

बटण लावलं. राउटर एखाद्या संस्थानिकासारखा आळोखेपिळोखे देत उठला. "नमस्कार, सुरुवातीची सेटिंग..." "नाही! नाही! नाही!" कमांडरची बोटं कीबोर्डवर आदळत होती. पठ्ठ्याने सगळ्या सेटिंग घातल्या, नेट आलं आणि आतून बायकोचा आवाज ऐकू आला, "माफ करा हं, नेट गेलं होतं. तर आपण कुठे होतो..."

कमांडरने सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती शेवटची ओळही घातली. 'बूट होताना वाचत जा.' साठवलं. आता स्वर्गातून देव जरी बटण बंद करायला उतरला तरी फिकीर नाही!

इथेच थांबला असता तर काय हवं होतं! पण इतक्या वर्षांची सवय. बूटची सेटिंग बदलली की राउटर एकदा बंद-चालू करून बघायचा, हे त्याच्या बोटांच्या हाडांत भिनलेलं. डोक्याने "नको" म्हणायच्या आत बोटांनी कमांड देऊनसुद्धा टाकली. राउटरने सभ्यपणे विचारलं, "नक्की ना?" बोटं म्हणाली, "हो!"

गिरणी थांबली. आतून बायकोचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"बाबा!" बायको ओरडली.

"मी नाही!" न्हाणीघरातून आवाज आला. "मी साबण लावतोय!"

आता बोट दाखवायला घरात कुणी उरलं नव्हतं. कमांडर नुसता उभा राहिला. राउटर सावकाश डोळे चोळत होता. पाच मिनिटं तरी घेणार हे त्याला माहीत होतं. लाजेने त्याचे कान तापले. हिने एवढी वर्षं वाट पाहिली आणि आपण दोन वेळा वायर कापली, एकदा विसरून आणि एकदा हुशारीने!

तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. डॉक्टर! पांढरा कोट, लाल चेहरा.

"मी तुमच्या राउटरमध्ये घुसतो? माझे दोन पेशंट उठून गेले! एकाच्या तोंडात कापूस होता!"

"डॉक्टर, माझं चुकलं, पण आत्ता..."

"आत्ता काय? आत्ताच!"

"कोण आलंय रे?" बाबा टॉवेलवर बाहेर आले आणि सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला.

"बाबा, नको!" कमांडर किंचाळला. आईही "नको हो!" म्हणून किंचाळली. डॉक्टर अजून ओरडतच होते. अशा गदारोळात बायको हातात लॅपटॉप घेऊन बाहेर आली. निळं जाकीट, आवाज एकदम शांत.

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्याचं वाय-फाय इथे येतं का?"

डॉक्टर गडबडले. "येतं. पेशंटसाठी वेगळं ठेवलंय."

"पासवर्ड सांगा."

डॉक्टरांनी सांगितला. त्यांच्याकडे स्वतःचं एवढं चांगलं नेट होतं! कमांडरला आता जमीन दुभंगली तर हवी होती. बायकोने लॅपटॉप जोडला, पडद्यावर तिघंजण परत आले, आणि तेव्हाच डॉक्टरांना आपला राग पुन्हा आठवला.

"पण माझ्या पेशंटांचं काय?"

बायको वळली. लॅपटॉप हातातच, माइक चालू. "डॉक्टर, तुमचा राग अगदी योग्य आहे. हे आज संध्याकाळी तुमच्या पेशंटांसमोर येऊन माफी मागतील. बाबा, बटणाला हात लावायचा नाही, आधी कपडे घाला. आई, डॉक्टरांना पाणी द्या. आणि अहो, तुम्ही त्या कीबोर्डवरून हात उचला. दोन्ही."

कमांडरने दोन्ही हात वर केले.

पडद्यावरच्या मधल्या बाईंनी चष्मा काढला. "तो तीन माणसांचा प्रश्न राहिला होता," त्या म्हणाल्या. "आता राहू द्या. आम्ही मोजली, इथे तर चार आहेत."

दुपारी फोन आला. नोकरी मिळाली! आई रडली, बाबा दोनदा "वा!" म्हणाले आणि कमांडरने बायकोला मिठीच मारली. त्याला खरंच भरून आलं होतं. संध्याकाळी तो वर गेला, बाकावरच्या पेशंटांसमोर हात जोडून माफी मागितली. एका आजोबांना गालातल्या सुजेमुळे हसता येत नव्हतं, तरी ते हसले.

खाली येऊन त्याने ताईला व्हिडिओ कॉल लावला. चित्र कसं आरशासारखं! आवाज एकदम स्वच्छ! कमांडरचा जीव पुन्हा भांड्यात पडला आणि पाठोपाठ कॉलरही वर आली.

"बघितलंत बाबा? ती एक ओळ तेवढी राहिली होती. आता काय पळतोय बघा! आणि पंख्याचा आवाजही गेला, लक्षात आलं का तुमच्या? बूटची सेटिंग बरोबर असली की यंत्र आपोआप शांत होतं!"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"शांत होणारच. दुपारी झोपायला जाताना मी बटण बंद केलंय."

कमांडरने हळूच फोनवर कुठलं वाय-फाय आहे ते पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'दंत दवाखाना, कृपया बसून घ्या.'

"मीच घातलं सगळ्यांच्या फोनमध्ये," बायको आतून म्हणाली. "डॉक्टरांनी परवानगी दिलीय, तुम्ही दवाखान्यात येऊन गरजायचं नाही या अटीवर."

कमांडरने खुर्ची ओढली आणि बसून घेतलं.