ज्योतीराम मास्तरांचं विमान

ज्योतीराम मास्तरांना शनिवारच्या आत विमान हवं होतं. चिंचवडच्या शाळा समितीचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी बजावलंच होतं, "तुमच्या त्या विज्ञानाला गावात काळं कुत्रं इचारत न्हाई. शनिवारी गाव जमवून दाखवा, न्हाईतर त्या तासाला पोरं सूत कातत्याल."

मास्तरांचा सगळा जीव त्या तासात. लोहगावच्या तळावरचं विमान डोक्यावरून गेलं की अख्खा वर्ग खिडकीकडे धावायचा. ते उडतं कसं हे या पोरांना सांगायचं नाही, तर आपण मास्तर कसले? त्यांनी तडक मलप्पा सुताराला गाठलं. हा सोलापूरकडचा, पिंपरीत कारखाना निघाला तेव्हा कामाला आलेला.

"मलप्पा, बांबूचं विमान पाहिजे. वर कापड लाव. माणूस बसेल एवढं."

मलप्पाचा चेहरा उतरला. "शाळेतलंच कुणी का?"

"हो हो, शाळेचंच!" म्हणत मास्तर घाईने निघूनही गेले.

आता मलप्पाला विमान ठाऊक होतं ते एकच. त्यांच्यात माणूस गेला की त्याला सजवलेल्या मखरात बसवून नेतात, त्याला म्हणायचं विमान. शनिवारी त्याने तेच, झेंडूच्या माळांसकट, चार खांद्यांवरून भर गावातून आणलं.

"कुणाचं रं हे?" सोजराबाईंनी वाटेत विचारलं.

"शाळेतलं कुणीतरी मोठं गेलंय."

मोठं म्हणजे अध्यक्ष, आणि अर्जुनराव तर तापाने अंथरुणाला खिळलेले. झालं! सोजराबाईंनी हंबरडा फोडला, दुकानांच्या फळ्या लागल्या आणि अख्खं चिंचवड शाळेच्या पटांगणात लोटलं.

एवढे पालक बघून मास्तर हरखलेच. मग त्यांची नजर विमानाकडे गेली: ना पंख, ना शेपूट, नुसत्या झेंडूच्या माळा!

इतक्यात रडारड ऐकून घोंगडी पांघरलेले अर्जुनराव स्वतःच आले.

"आक्का, कोण गेलं वं?"

"तुमीच की वो!" सोजराबाई हुंदक्यात म्हणाल्या, आणि वर बघून किंचाळल्या.

"मास्तर!" अर्जुनराव कडाडले. "ह्यो काय चावटपणा?"

तास तर आता गेलाच, नोकरीही जाणार. मास्तरांनी खिशातल्या कागदाची पट्टी फाडली आणि अध्यक्षांच्या ओठांखाली धरली.

"साहेब, हिच्यावरून फुंका. जिवंत आहात हे लोकांना दिसू दे."

अर्जुनरावांनी रागानेच फुंकर मारली. खाली लोंबणारी पट्टी सरळ वर उठली.

"फुंकलं वरून. मग ती दबायला हवी ना? उठली कशी?" मास्तरांनी विचारलं.

अर्जुनरावांनी पुन्हा फुंकलं, पट्टी पुन्हा उठली. "आक्का, तुमी फुका बरं!" जरा वेळाने मयताला आलेलं सगळं गाव कागद फाडून फुंकत होतं, आणि पोरं मास्तरांचं ऐकून आपापल्या बापांना समजावत होती, "आबा, वरची हवा पळती झाली की खालची उचलून धरती. विमानाच्या पंखाचंही तसंच!"

अर्जुनरावांनी विमानावरची एक झेंडूची माळ चाचपून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले,

"मास्तर, तास चालू ठेवा. मेल्यावर इमानात बसायची सोय आमची झाली. ह्या पोरांना जित्तेपणी बसवा."