कंदीलवाल्याची उडी आणि सोफ्याची स्प्रिंग

"फेकू नका हो विहीणबाई, मी जोडून देतो की टीव्हीला!"

एवढंच एक वाक्य मी बोललो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या जिभेला तेव्हाच चार टाके घातले असते (सुई-दोरा घरातच आहे, जन्मभर लोकांचे सोफे भरत आलोय), तर आज माझ्यावर ही पाळी आली नसती.

त्याचं असं झालं. विहीणबाई, म्हणजे आमच्या सुनेची आई, आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्या घरातल्या जुन्या फरश्या उखडून नव्या बसवायचं काम निघालं होतं. मुलगा-सून नोकरीपायी लांब, तेव्हा हक्काचं घर आमचंच. सामान हलवताना त्यांना माळ्यावर सुनेच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. एक करडं मशीन, त्याचे रिमोट आणि एकाच खेळाच्या तीन कॅसेटी: पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग. भंगारवाल्याला द्यायचं म्हणून खोकं आमच्याकडे घेऊन आल्या.

आता माझ्या डोक्यात काय शिजलं, ते ऐका. आमच्याकडे टीव्ही एकच. संध्याकाळी त्यावर हिची मालिका असते. (ही म्हणजे आमची ही. दुसरी कोण असणार!) विहीणबाईंना खेळाचा नाद लावला की दोन विहिणी आणि एक टीव्ही! मी चहात बिस्किटं बुडवत मजा बघणार. घरात बरेच दिवस करमणूक नव्हती हो. मी साखरेच्या डब्यात मीठ भरलं तरी ही न हसता डबा बदलायची आणि पुढे जायची. पूर्वी किती हसायची!

मशीन जोडलं. सुरू होईना. विहीणबाईंनी पहिल्या भागाची कॅसेट काढून तिच्या तोंडात फूंऽ करून फुंकर मारली, परत खोचली आणि टीव्हीवर वाद्यं वाजायला लागली.

खेळ असा. एक बुटका कंदीलवाला. हातात कंदील. गावातल्या छपरांवरून धावायचं, धुराड्यांवरून उड्या मारायच्या आणि रस्त्यावरचे दिवे लावत लावत राजवाड्यापर्यंत जायचं. वाटेत वटवाघळं, मांजरं, खड्डे. चेहऱ्याच्या नावानं चार ठिपके. मी म्हटलं, "हे काय! ह्याला धड नाकसुद्धा नाही. आता कोण बघणार हे?"

"नाक नसू दे," विहीणबाई म्हणाल्या, "बटण दाबलं की त्याच क्षणी उडी मारतो, बघा. इतकं जुनं असून!"

"आमच्याकडे हाक मारली की चहा गार झाल्यावर 'ओ' येते," ही म्हणाली आणि विहीणबाईंच्या हातातून रिमोट घेतला. "बघू हो, कसा उडतो ते."

संपलं! मालिका गेली, भांडण गेलं आणि माझी सोफ्यावरची जागासुद्धा गेली.

सोफा दोन माणसांचा. मीच बांधलेला, लग्नानंतर पहिल्याच वर्षी. डावीकडे ही, उजवीकडे मी, अशी आमची जन्माची वाटणी. आता माझ्या जागी विहीणबाई आणि मी शिवणयंत्राच्या स्टुलावर. त्या स्टुलावर मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ताटकळत बसवलं, त्यांचे तळतळाट लागले म्हणायचे.

दोघींनी तिन्ही भाग लावून बघितले. मग चहाबरोबर चर्चा. कसली? तर कुठला भाग अजून टिकून आहे ह्याची!

"दुसऱ्या भागात त्याला छत्री दिलीय," विहीणबाई म्हणाल्या. "खड्डा आला की उघडली छत्री, चालला तरंगत. लाडावून ठेवलाय नुसता."

"आणि तिसऱ्यात तो कुत्रा!" ही म्हणाली. "पावलागणिक सल्ला. इकडे जा, तिकडे जा, हे दाबा. अहो, माझ्या घरी एक आहे ना सल्ले द्यायला!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसल्या. ही हसली हो! पण विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून. माझ्या पोटात असं काही दुखलं की ओवा खाऊनही थांबलं नसतं.

"पहिला भागच खरा," विहीणबाईंनी निकाल दिला. "चुकलात की पडलात. मागे फिरता येत नाही, आणि कुठवर आलो ते मशीन लक्षातसुद्धा ठेवत नाही. बंद केलं की पुन्हा पहिल्या छपरापासून."

"अगदी संसारासारखं," ही म्हणाली.

मग रोज पहिला भाग. ही त्या ठिपक्यांना म्हणायची, "जप हं राजा, घाई नको करू." राजा! मला ती 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही. मी एकदा शिडीवरून पडलो, तेव्हा म्हणाली होती, "शिडी मोडली का?"

पण एका ठिकाणी दोघी अडायच्या. घंटाघर. तिथं एक भलाथोरला लंबक हलत असतो. त्यावर उभं राहायचं आणि तो टोकाला पोचायच्या किंचित आधी उडी मारायची. हिची उडी कधी आधी, कधी नंतर. कंदीलवाला खाली, कंदील विझलेला. तेवढाच मला दिलासा.

त्यातून मला कल्पना सुचली. विहीणबाईंना सवय अशी की लंबक हलला की त्याही सोफ्यावर जागच्या जागी हलायच्या. मी दुपारी दोघी पडलेल्या पाहून सोफा उलटा केला, खालचं कापड उसवलं आणि उजवीकडच्या एका स्प्रिंगची सुतळी सोडून दिली. आमच्या धंद्यात स्प्रिंगा सुतळीनं जखडलेल्या असतात. एक सुटली की ती शेजारणीला घासते आणि कोणी जरा हललं की आवाज येतो, "कुंई!" म्हटलं, विहीणबाई लाजतील, हिला वाटेल वजनानं सोफा मोडला, दोन शब्द इकडचे तिकडे होतील, आणि माझी जागा मोकळी.

संध्याकाळी खेळ घंटाघरापाशी आला. लंबक हलला, विहीणबाई हलल्या.

कुंई!

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. मी बिस्किट हातात घेऊन सरसावून बसलो.

कुंई!

"थांबा, थांबा!" ही ओरडली. "अशाच हलत राहा विहीणबाई! आवाज आला की मी उडी मारते. कळलं, कळलं मला!"

कुंई! उडी. कुंई! उडी. कंदीलवाला टुणटुण घंटाघर पार करून पलीकडे! दोघींनी एकमेकींना मिठी मारली. माझं बिस्किट चहात पडलं आणि बुडालं.

आता फक्त राजवाडा उरला. कंदीलवाल्याची अखेरची एक ज्योत शिल्लक होती, म्हणजे पडला की खेळ खलास. नेमका तेवढ्यात विहीणबाईंना फरशीवाल्याचा फोन आला. दुकान बंद व्हायच्या आत येऊन रंग पसंत करा म्हणे. दोघींनी खेळ आहे तिथंच थांबवून ठेवला, मशीनवर नॅपकिन पांघरला, आणि ही दारातून म्हणाली, "हात लावू नका हं. तुमचं नाव घेऊन सांगतेय, असं समजा."

दार लागलं. घरात मी आणि नॅपकिनखाली तो.

मी आधी प्लगच हातात घेतला, खरं सांगतो. उपटायचा आणि म्हणायचं, वीज गेली. पण मग वाटलं, विझवायचं कशाला? मीच जातो राजवाड्यात! ही येईल, बघेल आणि म्हणेल, "अय्या, तुम्ही?" 'राजा' नाही म्हणाली तरी चालेल, पण म्हणालीच तर?

नॅपकिन काढला. रिमोट घेतला. विहीणबाईंच्या जागेवर, म्हणजे माझ्याच जागेवर, बसलो. बटण दाबलं. कंदीलवाला चार पावलं ऐटीत चालला आणि समोरच्या खड्ड्यात गेला. खड्डा एवढासा! त्यात मांजराचं पिल्लूसुद्धा पडायला लाजलं असतं.

पडदा काळा झाला. रडकं वाद्य वाजलं. आणि एकदम, काय सांगू, फटाके उडायला लागले! दोघींनी लावलेले सगळे दिवे मशीननं माझ्या खाती जमा केले होते. आजवरचा सगळ्यात मोठा कंदीलवाला मीच! मशीन म्हणालं, नाव लिहा. इंग्रजी अक्षरं आणि घरं तीनच. मला इंग्रजी येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं. मी एस लिहिला, ओ लिहिला, एफ लिहिला. 'ए'ला जागा उरली नाही. पडद्यावर ही मोठी अक्षरं आली, एस-ओ-एफ, आणि भोवती कंदीलवाला गिरक्या घेत नाचायला लागला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? प्लग उपटला असता. नावही पुसलं गेलं असतं आणि वीज गेल्याची थापही खपली असती. मी उठलो, प्लग धरलासुद्धा. पण अहो, चौथीत मी दोनदा बसलो, तरी पहिला आलो नव्हतो. जन्मात पहिल्यांदा पहिला आलो, तर दोन मिनिटं बघू नको? म्हटलं, अजून एक गिरकी होऊ दे. मग काढतो. अजून एक.

कडी वाजली. दोघी फरशीचे तुकडे घेऊन आत.

"वीज गेली होती," मी म्हणालो. "अख्ख्या गल्लीची."

"मग हा कोण नाचतोय?" हिनं विचारलं.

"आली ना परत. आपोआप सुरू झालं."

"आपोआप? आणि मशीनला तुमच्या दुकानाची पाटी पण आपोआप पाठ झाली?"

हातातला फरशीचा तुकडा घेऊन विहीणबाई मटकन सोफ्यावर बसल्या. कुंई! हिनं माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. विहीणबाईंना उठवलं आणि सोफा उलटा केला. लग्नानंतर हिनंच माझ्याबरोबर बसून सुतळ्या ओढल्यात. माझ्यापासून काय लपणार... म्हणजे, तिच्यापासून हो! (बघा, अजून बोबडी वळते.)

"ही सुतळी तुटलेली नाही," ही म्हणाली. "सोडलेली आहे. विहीणबाईंच्या जागेचा एवढा सोस होता, तर सांगायचं तोंडानं!"

"त्यांच्या नाही गं, माझ्या जागेचा."

"बांधा आत्ता. ह्याच्यासमोर बांधा." ह्याच्या म्हणजे नाचणाऱ्याच्या. मी गुडघ्यावर बसून स्प्रिंग बांधली आणि वर माझंच नाव झगमगत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या छपरापासून. मी स्टुलावर. पण घंटाघर आलं आणि घोळ झाला. विहीणबाई हलल्या, सोफा गप्प. कंदीलवाला खाली. पुन्हा खाली. परत खाली. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो," ही म्हणाली. किती दिवसांनी मला हाक! "स्टूल घेऊन इकडे या. असे माझ्याजवळ."

मी गेलो. अगदी हिच्या खांद्याला खांदा लागेल असा बसलो. छाती भरून आली.

"आता विहीणबाई हलल्या की 'कुंई' म्हणायचं."

"मी?"

"मग कोण! स्प्रिंग तुम्हीच बांधलीत ना? म्हणा."

"कुंई," मी म्हणालो.

"जरा बारीक आवाजात."

"कुंई!"

ह्या कुंईवर दोघींनी घंटाघर जिंकलं, राजवाडाही जिंकला. ही टाळ्या वाजवत हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हसण्याचा अर्धा धक्का माझ्या खांद्यालाही बसला. मी तेवढ्यावर खूश होतो.

परवा विहीणबाईंच्या फरश्या बसल्या. निघताना मशीन खोक्यात भरलं, कॅसेटी भरल्या, आणि दारात अडखळल्या.

"विहीणबाई, एक विचारू?" त्या हिला म्हणाल्या. "थोडे दिवस व्याहीबुवांना पण नेऊ का? घंटाघराला लागतील."

मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता ही घट्ट हात धरेल.

"न्या की," ही म्हणाली. "फक्त सकाळी तोंडावर फुंकर मारा. पहिला भाग आहे, त्याशिवाय सुरूच होत नाही."